प्रायोगिक ग्रहविज्ञानाचा प्राध्यापक नेमताय? या चुका टाळा

जर्मनीत डब्ल्यू-३ दर्जाचं, म्हणजे सगळ्यात वरच्या वेतनश्रेणीतलं, प्राध्यापकपद भरायचं, तर जाहिरातीपासून माणूस रुजू होईपर्यंत वर्ष सहज उलटतं. एवढा वेळ घालवूनही ठरलेल्या चुका होतातच, आणि त्यातल्या निम्म्या तर जाहिरात छापून येण्याआधीच होऊन गेलेल्या असतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जाहिरातीत नुसतं ‘प्रायोगिक ग्रहविज्ञान’ लिहून मोकळं होणं. या दोन शब्दांत निदान चार वेगवेगळे उद्योग मावतात. कुणी मल्टी-अँव्हिल प्रेसमध्ये (नमुन्याला अनेक घनांच्या मध्ये सगळीकडून दाबणारं यंत्र) २५ गिगापास्कलच्या आसपास, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे अडीच लाख पट, दाब देऊन ग्रहाच्या पोटातला खडक तयार करतो. कुणी गॅस गननं (दाबलेल्या वायूच्या जोरावर चालणारी तोफ) सेकंदाला काही किलोमीटर वेगानं गोळी झाडून आघात घडवतो. कुणी गुरूच्या युरोपासारख्या बर्फाळ चंद्रांसाठी थंड चेंबरमध्ये बर्फ अभ्यासतो. आणि कुणी ब्रेमेन शहरातल्या पतन-मनोऱ्यात ४.७४ सेकंदांच्या मुक्त पतनात धुळीचे कण एकमेकांना कसे चिकटतात ते बघतो. या चौघांना लागणारी जागा, यंत्रं, माणसं, काहीच सारखं नाही. शिवाय २०२० मध्ये आलेले र्युगू या लघुग्रहाचे ५.४ ग्रॅम किंवा २०२३ मध्ये आलेले बेन्नू या लघुग्रहाचे १२१.६ ग्रॅम नमुने मोजणारेही अर्ज करतात. मोजमाप उत्तम, पण तो प्रयोग नव्हे. लोणारच्या बेसाल्टमधलं मॅस्केलिनाइट (आघातानं काचेसारखं झालेलं खनिज) तपासणारा आणि बेसाल्टवर स्वतः गोळी झाडणारा, दोघांच्या अर्जात ‘आघात’ हा शब्द असतो; समितीनं फरक ओळखायला हवा.

तो ओळखता आला नाही की समिती एच-इंडेक्सच्या (निबंध आणि त्यांचे संदर्भ मोजून काढलेला आकडा) आश्रयाला जाते. तिथेच घोळ होतो. मल्टी-अँव्हिलमध्ये एका प्रयोगाची जुळणी करण्यात दिवस जातो, नंतर दाब उतरवायला रात्रभर लागते (घाईनं उतरवला तर ब्लोआउट होतो, म्हणजे दाब एकदम बाहेर फुटतो, आणि नमुना दाबणारे घन फुटतात), आणि हाती लागतो एक मिलिमीटरभर नमुना, म्हणजे आलेखावरचा एक बिंदू. अशा माणसाच्या निबंधांची संख्या नमुना-मोहिमेच्या शंभर लेखकांच्या निबंधांशी ताडून बघणं हा निव्वळ आळस आहे. माझी पद्धत साधी: जाहिरातीच्या आधी एका पानावर पहिली तीन यंत्रं आणि त्यांच्या खोल्यांचे नंबर लिहून घ्यायचे. त्यावर समितीचं एकमत होत नसेल तर जाहिरात द्यायची वेळ आलेली नाही. पूर्वीच्या प्राध्यापकांची निवृत्ती तोंडावर आली म्हणून घाई करणाऱ्या डीनना हे पटत नाही, पण ते पान त्यांच्याच सहीनं निघालं पाहिजे.

मुलाखतीतल्या व्याख्यानाला भुलू नका. छान चित्रं सगळ्यांकडे असतात. विचारायचं ते हे: दाबाचं कॅलिब्रेशन, म्हणजे मोजपट्टीची जुळवणी, कशावर केलं? बिस्मथचं २.५५ गिगापास्कलचं संक्रमण, क्वार्ट्‌झ-कोएसाइट, फॉर्स्टेराइट-वॉडस्लेआइट ही, ठरलेल्या दाबाला होणाऱ्या रूपबदलांची, नावं आपसूक यायला हवीत. लोह असलेला नमुना प्लॅटिनमच्या कॅप्सूलमध्ये वितळवला तर काय होतं? लोह प्लॅटिनममध्ये शिरतं आणि वितळलेल्या भागाची घडणच बदलते. मग आतून ग्राफाइटचं अस्तर द्यावं लागतं किंवा प्लॅटिनम आधीच लोहानं भरून घ्यावं लागतं. ज्यानं स्वतः कॅप्सूल जोडल्यात, तो यावर थांबवेपर्यंत बोलतो. ज्याचे प्रयोग दुसऱ्याच कुणी केलेत, तो ‘आमच्या गटात’ असं म्हणून पुढची स्लाइड काढतो.

आता जागेची गोष्ट. हजार टनांचा जोर लावणाऱ्या प्रेसचं आश्वासन देताना इमारतीचा स्थापत्य अभियंता कुणी बोलावत नाही. हिशोब करा: १० टनांचं यंत्र ४ चौरस मीटरवर उभं केलं तर दर चौरस मीटरला २,५०० किलो भार येतो. साधारण प्रयोगशाळेची फरशी ५०० किलोच्या आसपासचा भार धरून बांधलेली असते. मग यंत्र दुसऱ्या मजल्यावर जात नाही, तळघरात जागा नाही, दारातून आत शिरत नाही, बंदिस्त थंड पाण्याची सोय नाही, आणि शेजारच्या खोलीतल्या मायक्रोप्रोबचा (खनिजांची रासायनिक घडण मोजणारं यंत्र) मालक कंपनांची तक्रार घेऊन येतो. यंत्र गोदामात पडून राहतं, आणि तीन वर्षांच्या वेतनावर घेतलेले संशोधक विद्यार्थी दुसऱ्या शहरात पाहुणे म्हणून प्रयोगाच्या तारखा मागत फिरतात. मोठ्या यंत्राला जर्मन संशोधन संस्था डीएफजी निम्मे पैसे देऊ शकते आणि निम्मे राज्य, पण त्यासाठी वेगळा अर्ज आणि परीक्षण असतं. ते पैसे हातात आहेत असं धरून कुणाला शब्द देऊ नका.

बाकीचं थोडक्यात. यंत्रशाळेतला कारागीर पक्का हवा. प्रेसमधल्या जुळणीला लागणारे पायरोफिलाइटचे गॅस्केट आणि मॅग्नेशियाचे अष्टफलक कापणारा माणूस दोन वर्षांच्या करारावर टिकत नाही. टंगस्टन कार्बाइडचे घन फुटतातच, एका जुळणीत आठ असतात, म्हणून सुरुवातीच्या निधीबरोबर दरवर्षीच्या खर्चाचा वेगळा आकडा ठेवा. हितसंबंध पहिल्या बैठकीतच विचारा: डीएफजीच्या नियमांत तीन वर्षांतलं निकटचं सहकार्य आणि सहा वर्षांपर्यंतचं गुरु-शिष्याचं नातं मोजलं जातं, आणि उच्चदाबाचं जग इतकं लहान आहे की निम्मी समिती त्यात सापडते. नव्या प्राध्यापकाला जर्मनमधून शिकवता येत नसेल तर किती सत्रांची मुभा आहे, ते लेखी द्या.

पसंतीक्रमाच्या निवडयादीत तीन नावं असतील तर तिसऱ्यालाही आपण खरोखर घेऊ का, हे यादी वर पाठवण्याआधी ठरवा. पहिल्या क्रमांकाचा उमेदवार दुसऱ्या विद्यापीठाशीही वाटाघाटी करत असतो आणि महिनोन्‌महिने हो-नाही कळवत नाही. त्याला पाठवायच्या पत्रात ‘योग्य प्रयोगशाळा’ असं लिहू नका. खोली क्रमांक, भारक्षमता, थ्री-फेज विजेचे अँपिअर आणि काम पूर्ण व्हायची तारीख लिहा.