वाड्यावरचं माणूस गप्प झालं तर

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात अंगणवाडीचं काम करताना रोज चार घरांत जाणं होतं. मन ठीक नाही असं तोंडाने कुणी सांगत नाही. अंग दुखतं, झोप नाही, छातीत धडधडतं, घास उतरत नाही, असंच ऐकायला मिळतं. तपासण्या होतात, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि माणूस तसाच. दोन आठवडे उलटूनही हे चालू असेल आणि भजनाला न चुकता बसणारा आरतीलाही येईनासा झाला असेल, तर त्याच्या घरी जा.

जाताना काहीतरी निमित्त काढून जा. समोर बसून ‘काय झालं तुला?’ विचारलं की माणूस आणखी मिटतो. काजूच्या दिवसांत हे सोपं जातं. बोंडू पिरगळून बी वेगळी करायला मीही शेजारी बसते. हात चालू, नजर खाली. ‘वहिनी, रात्री डोळा कधी लागतो?’ एवढंच विचारायचं आणि गप्प राहायचं. उत्तर यायला वेळ लागतो, तो लागू द्या. 2012 साली इथल्या खाणी बंद पडल्या, 2018 मध्ये पुन्हा. तेव्हा खनिज वाहणाऱ्या ट्रकचे हप्ते थकलेले दादालोकही असेच हळूहळू बोलते झाले. ‘मन घट्ट कर’ आणि ‘लोकांचं तुझ्याहून वाईट आहे’ ही दोन वाक्यं मात्र कृपा करून नकोत.

मग एक अगदी छोटं काम ठरवा. न्हाणं झालं की परसातल्या मिरच्यांना दोन कळशा पाणी, बस्स. ‘मन लागलं की करीन’ असं ऐकू येईल. पण आधी केल्यानेच मन लागायला मदत होते. दुसऱ्या दिवशी जाऊन विचारा, झालं का, कसं वाटलं. हे माझ्या मनाचं नाही. गोव्यातल्या ‘संगथ’ संस्थेने डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या माणसांकडून तीव्र नैराश्यावर सहा ते आठ भेटींत अशी मदत देऊन पाहिली. तिचा गुण येतो, हे 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय मासिकात छापून आलं.

दारू असेल तर सकाळी, शुद्धीत असताना बोला. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. झटके येऊ शकतात, डॉक्टर हवाच.

‘मेलेलं बरं’ असं कानावर आलं तर सरळ विचारा, ‘जीव द्यायचं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणालं तर क्षणभरही एकटं सोडू नका. तणनाशक, फवारणीचं औषध त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी हलवा. 14416 वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावा. चोवीस तास, फुकट. काही करून बसलं असेल तर 108 वर रुग्णवाहिका बोलवा. पोलिसांच्या भीतीने लपवू नका. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा अशा माणसाला तीव्र तणावाखाली आहे असं धरतो, शिक्षा करत नाही.

देवाला कौल लावायचा तर लावू द्या, पण त्याच आठवड्यात आरोग्य केंद्र किंवा बांबोळीची मानसोपचार संस्थाही गाठा. ‘बांबोळीला नेलं’ असं लोक कुजबुजतात, म्हणून सोबत जाणारं माणूस फार मोलाचं. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर आठव्या दिवशी पाकीट बाजूला पडतं. बरं वाटलं म्हणूनही आपणहून बंद करायच्या नाहीत. पुढच्या तारखेला सोबत कोण जाणार, ते परतीच्या बसमध्येच ठरवून टाका.