बेटावर मुलांसोबत ईस्टर: या चुका टाळा

ईस्टरला अंदमानला जायचं ठरलं की मुंबईतल्या घरांत आधी विमानाची तिकिटं निघतात, मग हॉटेल, मग स्नॉर्केलिंग, आणि सण उरलेल्या वेळेत कसाबसा बसवला जातो. तिथेच बिनसतं. ईस्टर हा चंद्रावर ठरणारा सण आहे आणि बेटावरचा दिवसही चंद्र-सूर्यच ठरवतात: पाणी कधी चढणार, कधी उतरणार, उजेड किती वाजेपर्यंत टिकणार. पॅकेजच्या कागदावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. म्हणून आधी सणाचे दिवस मांडा आणि फिरणं त्यांच्याभोवती बसवा, एवढंच माझं सांगणं आहे. पुढच्या बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळे होतात.

गेल्या वर्षीची तारीख धरून बुकिंग करणं

२१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांत कुठेही येऊ शकतो. २०२६ मध्ये ५ एप्रिल, २०२७ मध्ये २८ मार्च, २०२८ मध्ये थेट १६ एप्रिल. स्टेट बोर्डाच्या शाळेत मुलं असतील तर याच दिवसांत वार्षिक परीक्षा तोंडावर असते. आधी शाळेचं वेळापत्रक हातात घ्या, मगच तिकिटं काढा. गुड फ्रायडेला सुट्टी आणि त्याला जोडून शनिवार-रविवार, एवढ्यावर अंदमान उरकायला जाऊ नका. येण्या-जाण्यातच दोन दिवस जातात.

भरतीचा विचार न करता वाळूत अंडी लपवणं

या चुकीनं सगळ्यात जास्त रडारड होते. ईस्टरला मोठ्यांनी लपवलेली अंडी मुलं शोधतात, म्हणून बाबा पहाटे उठून वाळूत वीस अंडी पुरतात, मुलं नाश्ता करून टोपल्या घेऊन येतात, आणि तोवर पाणी वर चढून निम्मा खेळ घेऊन गेलेलं असतं.

ईस्टर पौर्णिमेच्या मागोमाग येतो, म्हणून तेव्हा उधाण असेल असं कोणालाही वाटेल. पण ते दर वर्षी खरं नसतं. २०२६ मध्ये पौर्णिमा २ एप्रिलला, हनुमान जयंतीच्या दिवशी, आणि ईस्टर तीन दिवसांनी. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो, म्हणजे पाणी खूप वर येणार आणि खूप खाली जाणार. २०२७ मध्ये होळीची पौर्णिमा २२ मार्चला आणि ईस्टर सहा दिवसांनी. २०२८ मध्ये तर पूर्ण सात दिवसांचं अंतर. तोवर भांग लागलेली असते, पाण्याची चढ-उतार कमी. म्हणून पौर्णिमा आणि तो रविवार यांत किती दिवस आहेत ते कॅलेंडरवर आधी मोजा.

आपल्या कोळीवाड्यात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. मनोरी, गोराई, अलिबागला हे गणित उपयोगी पडतं. पण अंदमानला ते लावू नका, तिथला समुद्र वेगळा आणि भरतीच्या वेळाही वेगळ्या. त्या बेटाचं भरती-ओहोटीचं कोष्टक मुंबईतूनच फोनमध्ये उतरवून घ्या. हॅवलॉक म्हणजे आताचं स्वराज द्वीप, तिथे नेट कधी चालेल आणि कधी रुसेल याचा भरवसा नाही.

किनाऱ्यावर पोचल्यावर वाळलेलं शेवाळ, काटक्या, शिंपल्यांचा चुरा यांची एक वेडीवाकडी ओळ दिसते. शेवटच्या भरतीला पाणी तिथपर्यंत आलं होतं. खेळ त्या ओळीच्या बराच वर मांडा. पण वर सरकताना नारळाच्या झाडाखाली जाऊ नका. नारळ पडायला मुहूर्त लागत नाही. वाळू खोलवर खणूही नका. हे दिवस समुद्री कासवांच्या विणीच्या हंगामातले असू शकतात, आणि कुंपण घातलेली किंवा खूण केलेली जागा दिसली तर मुलांना तिच्यापासून लांबच ठेवा.

हॅवलॉकला पूर्वेकडच्या विजयनगर किनाऱ्यावर ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि खडक, प्रवाळ उघडे पडतात. अनवाणी मुलांच्या पायांना ते लागतं. अशा वेळी पायात सँडल हवेतच.

घड्याळ मुंबईचं ठेवणं

घड्याळातली वेळ सगळ्या देशात एकच, पण अंदमान आपल्या बरंच पूर्वेला आहे. एप्रिलच्या सुरुवातीला मुंबईत सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि सातच्या आत-बाहेर मावळतो. अंदमानात सव्वापाचला लख्ख उजाडतं आणि साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त बघायला सहा वाजता पोचणाऱ्या मुंबईकरांना तिथे नुसता अंधार भेटतो.

मुलं असतील तर ही गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. अंडी शोधायचा खेळ सकाळी सहाला सुरू करा. उजेड भरपूर, वाळू गार, किनारा मोकळा. दहानंतर वाळू इतकी तापते की धाकटी मुलं कडेवरून उतरायलाच तयार होत नाहीत. एक काळजी मात्र घ्या. पहाटे आणि संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात आणि ती खाज दिवसचे दिवस जात नाही. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पायजमा आणि कीटकांसाठीचं मलम बरोबर ठेवा.

गुड फ्रायडेला वॉटर स्पोर्ट्सचं बुकिंग

गुड फ्रायडेला सुट्टी असते, म्हणून पॅकेजवाले नेमकी त्याच दिवशी जेट स्की आणि रात्री डीजे ठेवतात. बरोबर आजी असेल तर तिच्या जिवाला हे लागतंच, आणि का लागू नये? चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ पाळून ती त्या दिवसापर्यंत आलेली असते. शुक्रवार प्रवासासाठी किंवा नुसतं शांत बसण्यासाठी ठेवा. बुफेत मांसाचे दहा प्रकार असले तरी हॉटेलच्या स्वयंपाक्याला आदल्या दिवशी सांगितलं तर तो पेज, भाजी, वरण-भात आनंदानं करतो. फक्त वेळेवर सांगायला हवं.

मुलांवर मात्र जबरदस्ती नको. कॅथलिक नियमाप्रमाणे मांस न खाण्याचं बंधन १४ वर्षं पूर्ण झाल्यावर लागतं आणि उपवासाचं १८ वर्षं पूर्ण झाल्यावर. उन्हात खेळणाऱ्या सहा वर्षांच्या पोराला उपाशी ठेवायचं कारणच नाही. त्यानं आपल्या मनानं आइस्क्रीम सोडलं तर ते त्याचं त्याला करू द्या, आणि त्याचं कौतुक करा.

मिस्सा तिथे जाऊन बघू असं म्हणणं

श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर, इथे स्टेला मारिस कॅथेड्रल आहे. छोट्या बेटांवर मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, कुठे आणि कधी, हे फोन करून विचारल्याशिवाय कळत नाही. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात वेळा बदलतात, म्हणून हॉटेलच्या रिसेप्शनवर विचारून थांबू नका, चर्चच्या कचेरीतच विचारा. शनिवारचा जागरणविधी काळोख पडल्यावरच सुरू होतो, आणि तिथे काळोख लवकर पडतो. त्यामुळे लहान मुलं जागी असतानाच नवा अग्नी आणि त्यावर पेटवलेली ईस्टरची मोठी पास्का मेणबत्ती बघू शकतात. मुंबईत हाच विधी बघताना ती खांद्यावर झोपून गेलेली असतात.

तिथल्या गायनाकडे मुलांचं लक्ष वेधा. अंदमानातल्या कॅथलिक समाजात छोटा नागपूरहून आलेली आदिवासी कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत. ब्रिटिशांनी १९१८ पासून जंगलाच्या कामासाठी त्यांना आणलं आणि आजही त्यांना तिथे रांचीवाले म्हणतात. वसई-वांद्र्याच्या मुलांना आपलाच सण वेगळ्या सुरात ऐकायला मिळतो. याहून मोठी सहल कुठली? समुद्रावरचे कपडे बदलून जा, खांदे झाकलेले असू द्या.

चॉकलेटची अंडी मुंबईहून घेऊन जाणं

चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. जेटीवरच्या रांगेत उन्हात ठेवलेल्या बॅगेत काय होणार ते उघड आहे. वितळून पुन्हा घट्ट झालेल्या अंड्यावर पांढरट थर येतो. ती बुरशी नव्हे, वर आलेली चरबी असते. खायला हरकत नाही, पण मुलं तोंड वाकडं करतात.

आपल्याकडे याचं उत्तर आधीपासून आहे: मार्झिपानची अंडी. वांद्र्याच्या आणि वसईच्या बेकऱ्यांत ईस्टरच्या आठवड्यात ती मिळतात, काजू आणि साखरेची, वर आइसिंगची फुलं, सांगितलं तर मुलाचं नावही. उन्हात ती चॉकलेटसारखी पाघळत नाहीत. स्टीलच्या डब्यात, मध्ये टिश्यू घालून हातातल्या बॅगेत ठेवा. मात्र गटातल्या एखाद्या मुलाला काजू-बदाम चालत नसतील तर तसं आधीच विचारून घ्या. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती छोट्या गोळ्यांसारखी कडक अंडी देऊ नका, घशात अडकतात.

उकडलेल्या अंड्यांचं वेगळं. ती बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि ३२ अंशांच्या वर तर एकच तास. वाळूतून शोधून काढलेलं अंडं मुलांना सोलून खाऊ घालणं हा सरळ पोट बिघडवायचा मार्ग आहे. खायची अंडी फ्रीजमध्येच असू द्या, शोधायची वेगळी ठेवा.

पण रंगवायची गंमत जरूर करा, पवित्र शनिवारच्या दुपारी, घरगुती होमस्टेच्या स्वयंपाकघरात. आठ-दहा कांद्यांची सुकी सालं पाण्यात वीस मिनिटं उकळा, चमचाभर व्हिनेगर घाला. पांढऱ्या अंड्यावर एखादं नेच्याचं किंवा कोथिंबिरीचं पान चिकटवा, वरून जुन्या मलमलीचा तुकडा घट्ट आवळून दोऱ्यानं बांधा आणि त्याच पाण्यात दहा मिनिटं उकडा. गार झाल्यावर कापड सोडलं की विटकरी रंगावर पानाची शीर न् शीर फिकट उमटलेली असते. हे बघताना मुलांना सांगा की अंडं का: बंद कबरीतून जीवन बाहेर आलं, म्हणून. सशाची गोष्ट सांगायची तर सांगा, पण ही आधी.

प्लास्टिकची अंडी

नको म्हणजे नको. एक हरवलं तरी ते समुद्रात जातं. त्याऐवजी सावंतवाडीची छोटी लाकडी फळं न्या. लाल सफरचंद, पिवळा आंबा वाळूत लांबून दिसतात, आणि मुलं ती वर्षानुवर्षं जपतात. फळ सापडलं की त्याच्या बदल्यात मार्झिपानचं अंडं द्यायचं, असा नियम ठेवा.

प्रत्येक मुलाला एक रंग वाटून द्या. नाहीतर दहा वर्षांचा दादा सगळं लुटतो आणि चार वर्षांची बहीण रिकामी टोपली घेऊन रडते. किती लपवली आणि कुठे, याचे फोनवर फोटो काढा आणि शेवटी मोजून घ्या. खरा खाऊ वाळूत ठेवायचा मोह झाला तर टाळा: मुंग्या लागतात, शंखातले खेकडे तो ओढून नेतात, आणि किनाऱ्यावरची कुत्री चॉकलेट खातात. कुत्र्यांना चॉकलेट विषारी असतं.

निघायचा दिवस घट्ट बांधणं

सोमवारी सकाळी हॅवलॉकहून बोट आणि दुपारी मुंबईचं विमान, असं कधीच ठेवू नका. समुद्र खवळला की बोट सुटत नाही आणि विमान थांबत नाही. आदली रात्र श्री विजयपुरमलाच काढा.

आणि बॅगा भरताना मुलांचे खिसे, टोपल्या, बूट तपासा. मुलांनी गोळा केलेल्या शंख-शिंपल्यांत आणि प्रवाळाच्या तुकड्यांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित जाती असू शकतात. प्रवाळ तर असतोच. विमानतळावर ते काढून घेतात आणि मोठ्यांना जाब द्यावा लागतो. शंकूच्या आकाराचा सुंदर नक्षीचा शंख तर उचलूच देऊ नका. आतली गोगलगाय जिवंत असेल तर तिचा दंश जीवघेणा ठरू शकतो. पहिल्याच दिवशी मुलांना सांगून ठेवा की शंख बघायचा, त्याचा फोटो काढायचा, वहीत चित्र काढायचं आणि तो जिथे होता तिथेच ठेवायचा. शेवटच्या दिवशी हिसकावून घेण्यापेक्षा हे मुलांना सहज पटतं.