सकाळी पहिलं काम कोणतं?
छोट्या व्यवसायात मालकच हिशेबनीस, मालकच विक्रेता आणि वेळ पडली तर झाडूही त्याच्याच हातात. मग जो मोठ्याने ओरडतो, त्याचं काम आधी होतं. यावर साधा उपाय आहे. रात्री आवरताना उद्याच्या कामांची यादी करा आणि प्रत्येक कामापुढे स्वतःला विचारा, 'हे आठवडाभर राहिलं तर काय बिघडेल?' गिऱ्हाईक तुटेल, येणं अडकेल, दंड बसेल असं उत्तर आलं तरच खूण करा. तीनपेक्षा जास्त खुणा झाल्या तर आपण स्वतःलाच फसवतोय असं समजा आणि यादी पुन्हा बघा.

खूण केलेल्यांतलं सगळ्यात नकोसं काम सकाळी, मेसेज बघायच्या आधी उरका. बहुतेकदा ते थकलेल्या बिलासाठी करायच्या फोनचं असतं. तो फोन टाळून आपण व्हिजिटिंग कार्डाचा रंग निवडत बसतो. (मीही बसलोय, अख्खी सकाळ!)

पावत्या लावणं, किरकोळ चौकशांना उत्तरं देणं ही फुटकळ कामं दुपारी एका बैठकीत संपवा. सलग तीन याद्यांमध्ये नुसतं उतरत आलेलं काम मात्र दुसऱ्याकडे सोपवा, नाहीतर सरळ खोडून टाका.