अपोज्ड-पिस्टन डिझेल इंजिन : समजून घेताना आणि मॉडेल बांधताना या चुका टाळा

मराठवाड्यात डिझेल इंजिनाशी पहिली ओळख बहुतेकांची विहिरीवरच्या ऑइल इंजिनापाशी होते. एक उभा सिलिंडर, वर हेड, हेडात दोन व्हॉल्व्ह आणि एक नोझल, हे चित्र डोक्यात इतके पक्के बसलेले असते की एकाच लाईनरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या नळ्यात) दोन पिस्टन असलेले, हेड आणि व्हॉल्व्ह दोन्ही नसलेले अपोज्ड-पिस्टन डिझेल इंजिन समोर आले की विद्यार्थीच काय, हात मुरलेले मेकॅनिकही जुन्या सवयीनेच त्याचा अर्थ लावू लागतात. आपल्याकडच्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतील मुले भंगारातून दोन जुन्या इंजिनांचे पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक आणून असे मॉडेल बांधायला घेतात, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र ते मॉडेल जिथे अडते, तिथे दोष सहसा सुट्या भागांचा नसून फोर-स्ट्रोकच्या सवयीने केलेल्या जोडणीचा असतो.

रचना आधी नीट पाहू. दोन्ही बाजूंनी उघड्या असलेल्या एका लांब लाईनरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर असतात. ते एकमेकांजवळ येतात तेव्हा मधली हवा दाबली जाऊन तापते, लाईनरच्या मध्यावर बाजूने बसवलेल्या नोझलमधून डिझेल फवारले जाते आणि ज्वलनाच्या दाबाने दोन्ही पिस्टन विरुद्ध दिशांना ढकलले जातात. लाईनरच्या एका टोकाजवळ हवा आत येण्याचे पोर्ट, म्हणजे भिंतीतल्या खिडक्या, असतात, दुसऱ्या टोकाजवळ धूर बाहेर जाण्याचे. ते उघडण्याचे आणि झाकण्याचे काम पिस्टन स्वतःच करतात. पुढचे आणि मागचे दार एकदम उघडले की वाड्यातून वारा जसा सरळ आरपार जातो, तशी ताजी हवा एका टोकाने शिरून जळका वायू दुसऱ्या टोकाने बाहेर रेटते. हे टू-स्ट्रोक इंजिन आहे, म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात एक पॉवर स्ट्रोक मिळतो. हेड नसल्यामुळे हेडातून वाया जाणारी उष्णता वाचते आणि हेड गॅस्केट उडण्याचा प्रश्नच उरत नाही.

पहिली चूक ओळखण्यातलीच आहे आणि ती लवकर निस्तरता येते. फोक्सवॅगन बीटलचे किंवा सुबारूचे आडवे बॉक्सर इंजिन म्हणजे हे इंजिन नव्हे. बॉक्सरमध्ये क्रँक मधोमध असतो, सिलिंडर दोन बाजूंना वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाला स्वतःचे हेड असते. आपल्या इंजिनात दोन पिस्टनांना मिळून ज्वलनाची जागा एकच असते.

दुसरी चूक हिशोबातली आहे. प्रकल्पाच्या वहीत पिस्टनाचे क्षेत्रफळ गुणिले एका पिस्टनाचा स्ट्रोक असे करून क्षमता लिहिली जाते, आणि मग डिझेलचे माप, हवेचे माप, सगळेच अर्धे निघते. ब्रिटनमधील रूट्स समूहाने १९५४ पासून कॉमर ट्रकमध्ये वापरलेले टीएस३ हे इंजिन उदाहरणाला घ्यावे. त्याचा बोअर ३.२५ इंच आणि प्रत्येक पिस्टनाचा स्ट्रोक ४ इंच होता. बोअरचे क्षेत्रफळ सुमारे ५३.५ चौरस सेंटिमीटर येते, दोन्ही पिस्टनांचा मिळून प्रवास २०.३२ सेंटिमीटर होतो, म्हणजे एका सिलिंडरची क्षमता सुमारे १०८८ घन सेंटिमीटर आणि तीन सिलिंडरांची जवळपास ३.२६ लिटर. एवढ्या आकारातून ते इंजिन १०५ हॉर्सपॉवर देत असे.

दोन्ही पिस्टन बरोबर आरशातल्यासारखे हलवणे

सर्वांत जास्त मॉडेल इथे फसतात, म्हणून या मुद्द्यावर थोडे थांबले पाहिजे. दोन्ही क्रँक एकाच खुणेवर जुळवले की दोन्ही पिस्टन एकाच क्षणी आत येतात आणि एकाच क्षणी बाहेर जातात, दिसायला ते छान दिसते, पण इंजिन म्हणून त्याचा श्वास कोंडतो. जळक्या वायूचा दाब उतरल्याशिवाय हवेचे पोर्ट उघडले तर धूर उलटा हवेच्या खोक्यात शिरतो. म्हणून एक्झॉस्टचे पोर्ट आधी उघडले पाहिजेत. त्यासाठी केवळ ते अधिक उंच ठेवले, तर दुसरी अडचण उभी राहते : सारख्या चालीच्या पिस्टनांत जे पोर्ट आधी उघडते तेच शेवटी बंद होते, आणि मग हवेचे पोर्ट झाकल्यानंतरही एक्झॉस्ट उघडाच राहून भरलेली ताजी हवा निसटते. यावरचा उपाय असा की एक्झॉस्टच्या बाजूचा क्रँक काही अंश पुढे ठेवायचा; यालाच इथे पुढावा म्हटले आहे. त्यामुळे एक्झॉस्ट आधी उघडतो आणि आधीच बंदही होतो, नंतरही हवेचे पोर्ट थोडे उघडे राहते आणि ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा पंप, सिलिंडर दाबून भरतो.

अमेरिकेच्या पाणबुड्यांत दुसऱ्या महायुद्धात वापरलेल्या फेअरबँक्स-मोर्सच्या इंजिनात खालचा, म्हणजे एक्झॉस्टचा, क्रँक १२ अंश पुढे असतो. ब्रिटनच्या नेपिअर कंपनीच्या डेल्टिक इंजिनात हा फरक २० अंशांचा आहे आणि तो आकडा कुठून आला हे पाहणे मोठे मौजेचे आहे. डेल्टिकमध्ये सिलिंडरांच्या तीन ओळी त्रिकोणात मांडलेल्या असून प्रत्येक कोपऱ्यावर एक क्रँकशाफ्ट आहे; एकेका क्रँकपिनवर एका ओळीचा हवेचा आणि शेजारच्या ओळीचा एक्झॉस्टचा पिस्टन जोडलेला असतो आणि त्या दोन ओळींत ६० अंशांचा कोन असतो. तिन्ही क्रँक एकाच दिशेने फिरवले तर हे कोन साठत जातात आणि कोणत्याही जुळणीत तिन्ही ओळींना थोडासाच पुढावा मिळत नाही. एक क्रँक उलटा फिरवला की एक कोन वजा होतो, ६० अंश शिल्लक राहतात आणि ते तीन ओळींत वाटले की प्रत्येकीला २० अंश येतात. हा उलट्या क्रँकचा मार्ग ब्रिटिश नौदलाच्या प्रयोगशाळेतील हर्बर्ट पेनवॉर्डन या आरेखकाने सुचवला होता. अठरा सिलिंडर आणि छत्तीस पिस्टनांचे हे इंजिन वेगवान नौकांत गेले, आणि ब्रिटिश रेल्वेच्या ३३०० हॉर्सपॉवरच्या २२ लोकोमोटिव्हमध्ये प्रत्येकी दोन या हिशोबाने बसले.

आपल्या मॉडेलात हा पुढावा बरोबर आहे की नाही, हे तपासायला महागडे उपकरण लागत नाही. नोझल काढून त्या भोकातून बारीक बॅटरीचा उजेड आत सोडावा, एक्झॉस्टच्या क्रँकला अंशांची तबकडी बसवावी आणि फ्लायव्हील चालू दिशेने हळूहळू हाताने फिरवावे. उजेड आधी एक्झॉस्टच्या पोर्टमध्ये दिसला पाहिजे, मग हवेच्या. आणि विझताना आधी एक्झॉस्टचा विझून हवेचा मागे राहिला पाहिजे. क्रम उलटा दिसला तर क्रँक चुकीच्या बाजूला सरकवलेला आहे किंवा आपण मॉडेल उलट्या दिशेने फिरवत आहोत. चालवून पाहिलेल्या मॉडेलाच्या हवेच्या खोक्यात काजळी सापडणे हे याच दोषाचे लक्षण आहे, आणि तिथे नोझल बदलत बसणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

पुढाव्यातूनच टायमिंगची चूक जन्मते. क्रँक पुढे-मागे असल्यामुळे दोन्ही पिस्टन एकाच क्षणी आतल्या टोकाला कधीच पोहोचत नाहीत. १२ अंशांच्या पुढाव्यात मधली जागा सर्वांत लहान होते ती एक्झॉस्टचा क्रँक आतल्या डेड सेंटरच्या (पिस्टन सर्वांत आत असतो त्या बिंदूच्या) ६ अंश पुढे गेलेला आणि हवेचा ६ अंश मागे असताना. डिझेल सोडण्याची खूण या मधल्या बिंदूपासून मोजावी. एक्झॉस्टच्या डेड सेंटरला शून्य धरले तर फवारणी ६ अंश लवकर होईल, इंजिन ठोकेल, आणि दोष पंपावर ढकलला जाईल.

हवा आपोआप येईल असे मानणे

या इंजिनाला ओढण्याचा स्ट्रोक नाही, म्हणून ते स्वतःहून हवा घेत नाही. ब्लोअर हा इथे ताकद वाढवणारा जोडभाग नसून त्याच्यावाचून इंजिन सुरूच होत नाही. नुसता टर्बो लावून भागत नाही, कारण सुरू होण्याआधी टर्बो फिरवायला धूरच नसतो. म्हणून दोन रोटरांचा रूट्स ब्लोअर (वरच्या रूट्स समूहाशी या नावाचा संबंध नाही) किंवा क्रँकवरून गिअरने फिरणारा पंखा लागतोच.

संभाजीनगर परिसरात आणखी एक गैरसमज हमखास आढळतो. वाळूजच्या कारखान्यातून निघालेल्या टू-स्ट्रोक स्कूटर ज्या पिढीने वापरल्या, त्या पिढीच्या मनात टू-स्ट्रोक म्हणजे इंधनात ऑइल मिसळायचे आणि हवा क्रँककेसमधून (क्रँकभोवतीच्या पेटीतून) न्यायची, हे समीकरण ठरलेले आहे. ब्लोअरच्या डिझेलमध्ये हवा क्रँककेसमधून जातच नाही. बेरिंगांना दाबाने ऑइल मिळते आणि टाकीत निव्वळ डिझेल असते. ऑइल मिसळल्याने फक्त कार्बन वाढतो आणि एक्झॉस्टचे पोर्ट बुजू लागतात.

धुराचा रंग वाचतानाही फोर-स्ट्रोकची सवय बाजूला ठेवावी. निळा धूर दिसताच रिंगा गेल्या म्हणून लाईनर उतरवायला घेण्याची घाई करू नये, कारण रिंगा पोर्टांवरून सरकताना थोडे ऑइल एक्झॉस्टमध्ये उतरतेच आणि इंजिन बराच वेळ कमी गतीवर चालले की ते तिथे साठते. डेल्टिक लोकोमोटिव्ह सुरू होताना धुराचे लोट सोडत, ते याच साठलेल्या ऑइलमुळे. इंजिनावर भार देऊन थोडा वेळ चालवल्यानंतर धूर निवळला तर रिंगांचा संशय सोडावा; निवळला नाही तरच उघडावे. काळ्या धुराचा अर्थ बहुधा हवा कमी असा असतो, म्हणून आधी फिल्टर पाहावा, मग एक्झॉस्ट पोर्टमधला कार्बन आणि शेवटी ब्लोअरच्या रोटरमधली फट. काळ्या मातीच्या धुळीत चालणाऱ्या इंजिनाचा फिल्टर पुस्तकातल्या मुदतीची वाट पाहत नाही, हे वेगळे सांगायला नको.

जोडणीत केलेली काटकसर

दोन क्रँक सायकलच्या किंवा मोटारसायकलच्या चेनने जोडणे स्वस्त पडते. चेन सैल होते तसा पुढावा सरकतो आणि आज बरोबर असलेले टायमिंग पुढच्या महिन्यात चुकते. दोन्ही क्रँकवर सारखाच भार येतो, असे गृहीत धरणेही चूक आहे : पुढे असलेला क्रँक जास्त काम करतो, फेअरबँक्स-मोर्समध्ये खालचा क्रँक सुमारे ७२ टक्के ताकद देतो. म्हणून बाहेर काम काढायचा शाफ्ट आणि फ्लायव्हील एक्झॉस्टच्या क्रँकवर ठेवावे, आणि दोन्ही क्रँक गिअरने जोडावेत. टीएस३ने दोन क्रँकांचा प्रश्न वेगळ्याच रीतीने सोडवला होता. खाली एकच क्रँक आणि दोन्ही बाजूंना झुलणारे रॉकर, अशी ती रचना होती. माझ्या मते विद्यार्थ्यांच्या मॉडेलासाठी हीच रचना अधिक सोयीची आहे, कारण तीत पुढावा क्रँक घडवतानाच पक्का होतो. मात्र रॉकरच्या पिनांमध्ये जराशी ढिलाई राहिली तरी इंजिन खडखडते.

पोर्ट पाडताना एकच रुंद खिडकी ठेवणे टाळावे. रिंग तिथे बाहेर फुगते आणि कडेला अडकून तुटते. म्हणून मध्ये पट्ट्या सोडून अनेक अरुंद पोर्ट ठेवावेत आणि होनिंगनंतर (लाईनर आतून घासून गुळगुळीत केल्यावर) त्यांच्या कडा हाताने गोल कराव्यात. विहिरीवरच्या इंजिनाचे नोझल तसेच बाजूने बसवले की फवारा पिस्टनावर आदळतो, कारण इथली ज्वलनाची जागा दोन पिस्टनांमध्ये दबलेल्या चपट्या चकतीसारखी असते.

उष्णतेबाबत एक्झॉस्टचा पिस्टन आणि एक्झॉस्ट पोर्टांमधल्या पट्ट्या यांची आधी काळजी घ्यावी, कारण सगळा जळका वायू त्यांच्यावरूनच जातो. लाईनरभोवतीचे पाणी हा तर या इंजिनांचा जुना दुखरा भाग आहे. लेलँड एल६० हे ब्रिटिश रणगाड्याचे इंजिन लाईनरच्या सीलमधून होणाऱ्या गळतीने बदनाम झाले. तेच इंजिन भारताच्या विजयंता रणगाड्यातही होते. आपल्याकडच्या बोअरवेलचे जड पाणी मॉडेलात घालू नये. लाईनरच्या मध्यावर, जिथे ज्वलन होते, नेमका तिथेच क्षार जमतो आणि मे महिन्याच्या ४२ अंशांत लाईनर तडकायला तेवढे पुरते.

मॉडेल प्रत्यक्ष चालवणार असाल, तर डिझेलचा कॉक हेच बंद करण्याचे साधन आहे असे समजू नका. ब्लोअरच्या सीलमधून किंवा रिंगांवरून ऑइल आत जाऊ लागले तर इंजिन त्याच ऑइलवर चालू राहते, डिझेल तोडले तरी गती वाढतच जाते. ब्लोअरच्या तोंडावर हाताने एका झटक्यात बंद होणारी घट्ट झडप बसवावी, तिची दोरी इंजिनापासून दूर आणि फ्लायव्हीलच्या रेषेबाहेर आणावी, आणि इंजिन बंद असताना ती झडप खरोखर हवा अडवते की नाही, हे तोंडावर कागद धरून, क्रँक हाताने फिरवून पाहावे. कागद ओढला जात असेल तर झडपेचे रबर बदलल्याशिवाय डिझेल भरू नये.