जुनी डिसोटो घेण्याआधी काय तपासाल

अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने 1928 मध्ये डिसोटो आणली ती मधल्या किमतीची गाडी म्हणून. पुढे त्याच कंपनीच्या दोन गाड्या, खालून डॉज आणि वरून खुद्द क्रायस्लर, तिच्या किमतीला भिडल्या, त्यात 1958 ची मंदी आली आणि नोव्हेंबर 1960 मध्ये उत्पादन थांबलं. त्यामुळे ग्रिल, मोनोग्राम, क्रोम पट्ट्या अपुऱ्या असतील तर गाडी सोडून द्या; ते पुण्यातल्या जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारात, नाना पेठेतच काय, कुठेच सहज मिळत नाही. इंजिनाचं तसं नाही. 1946-48 च्या गाडीचं सहा सिलिंडरचं फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेलं) इंजिन क्रायस्लरच्या इंजिनाशी नातं राखून आहे, सामान मिळतं.

खरी गोम पाण्याच्या नळीत. वॉटर पंपामागे, ब्लॉकच्या आत लांबच लांब पत्र्याची नळी असते. ती गंजली की मागच्या सिलिंडरांना थंड पाणी पोचत नाही, व्हॉल्व्ह जळतात. म्हणून सहाही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजा. पाचवा-सहावा कमी निघाला तर संशय तिथेच. बदलताना रेडिएटर आणि पंप काढून नळी आकड्याने पुढून ओढायची, नवी पितळेची घालायची. मग गाडी तापते का ते कात्रजचा घाट चढवून बघा.

वायरिंग 6 व्होल्टचं, बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. 12 व्होल्टच्या बारीक केबलवर स्टार्टर रेंगाळतो. जाड केबल लावा.

डाव्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. पंक्चरवाल्याला आधीच सांगा, नाहीतर तो जोर लावून तोडेल.

कागद शेवटी नको, आधीच बघा: 50 वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, चेसिस नंबर जुळायलाच हवा.