482 व्हिसा रद्द करण्याची नोटीस आली, तर

482 म्हणजे ऑस्ट्रेलियात मालकाच्या स्पॉन्सरशिपवर मिळणारा तात्पुरता कामाचा व्हिसा. तो रद्द करण्याबद्दलची नोटीस मेलबर्नमध्ये माझ्या इनबॉक्समध्ये तीन दिवस न उघडता पडून होती. वाचल्यावर शेजारच्या खोलीत असलेल्या बायकोला हाक मारायचंही सुचेना. जुनी नोकरी सुटली होती, नवी कंपनी मिळाली होती, पण तिचं नॉमिनेशन, म्हणजे मला त्या पदावर घेण्यासाठी तिने सरकारकडे केलेला अर्ज, मंजूर व्हायच्या आत नवा स्पॉन्सर मिळवण्याचे 180 दिवस उलटले होते.

ते तीन दिवस वाया गेले, कारण ईमेल पाठवला त्याच दिवशी तो तुम्हाला मिळाला असं ऑस्ट्रेलियाचा कायदा धरतो. उत्तराची मुदत पत्रातच असते. कमी पडणार असेल तर ती संपण्याआधी लेखी वाढ मागा. आणि घाबरून सामान बांधू नका. ही नोटीस फक्त विचार चालू असल्याची आहे, तोवर व्हिसा शाबूत असतो.

मग दिवस स्वतः मोजा. 482 व्हिसावरच्या 8607 या अटीनुसार 1 जुलै 2024 पासून स्पॉन्सरकडचं, म्हणजे व्हिसा मिळवून देणाऱ्या मालकाकडचं काम सुटल्यावर एका वेळी 180 दिवस मिळतात, व्हिसाच्या पूर्ण मुदतीत मिळून 365. मालकाने व्हिसाच्या खात्याला कळवलेली काम सुटल्याची तारीख आणि तुमची शेवटची पे-स्लिप ताडून पाहा. तारीख चुकीची निघाली आणि खऱ्या तारखेने दिवस उलटलेले नसतील, तर रद्द करण्याचं ते कारणच उरत नाही.

माझे दिवस खरंच उलटले होते. मी ते पहिल्या चार ओळींत कबूल केलं. तिथल्या मायग्रेशन कायद्याच्या कलम 116 नुसार अशा प्रकरणात अधिकारी व्हिसा रद्द करू शकतो, पण केलाच पाहिजे असं बंधन त्याच्यावर नाही. म्हणून बाकीचं सगळं पत्र व्हिसा का ठेवावा यावर लिहिलं: नॉमिनेशन दाखल केल्याची पोच, नव्या मॅनेजरचं पत्र, कुठे कुठे अर्ज केले त्याची तारीखवार यादी, टॅक्सचे कागद, मुलाच्या शाळेचं पत्र. माझा व्हिसा गेला असता तर बायको-मुलाचेही गेले असते, हे स्पष्ट लिहिलं. नुसतं ‘फार त्रास होईल’ म्हणून भागत नाही, प्रत्येक वाक्यामागे कागद हवा. मालकाने पगार बुडवला असेल तर तेही पुराव्यासह लिहा.

माझ्या एका सहकाऱ्याने उत्तरच दिलं नाही आणि त्याचा व्हिसा गेला. मग त्याला ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनलकडे, म्हणजे सरकारी निर्णय पुन्हा तपासणाऱ्या न्यायाधिकरणाकडे जावं लागलं. ऑक्टोबर 2024 मध्ये एएटी या जुन्या न्यायाधिकरणाच्या जागी हेच आलं. तिथे नवे पुरावे देता येतात, पण अर्जाची मुदत एका दिवसानेही वाढत नाही. फी हजारो डॉलर आहे, हलाखी दाखवली तर निम्मी होऊ शकते. व्हिसा रद्द झाला की काम थांबतं. तात्पुरतं कायदेशीर राहण्यासाठी ब्रिजिंग व्हिसा ई घ्यावा लागतो, त्यावर कामाची परवानगी आपोआप मिळेल असं धरू नका. शिवाय कलम 48 मुळे देशात राहून दुसऱ्या बहुतेक व्हिसांसाठी अर्ज करता येत नाही. एवढ्यासाठी तरी नोटिशीलाच नीट उत्तर द्या. सल्लागार घेतलात तर पैसे देण्याआधी ओमारा या मायग्रेशन एजंटांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या यादीत त्याचा नोंदणी क्रमांक शोधा.

उत्तर पाठवल्यावरही फाइल बंद करू नका. निर्णय होईपर्यंत नवा कागद पाठवता येतो. माझं नॉमिनेशन उत्तरानंतर चौथ्या आठवड्यात मंजूर झालं, ते पत्र मी त्याच संध्याकाळी अधिकाऱ्याला पाठवलं. व्हिसा राहिला.