माती, ओळंबा आणि साइट: आर्किटेक्चरच्या कार्यशाळा व इंटर्नशिप कशा कराव्यात

कार्यशाळेची जाहिरात वाचताना आधी एकच गोष्ट शोधा: शेवटच्या दिवशी तिथे काय उभं राहणार आहे? भिंत, कमान, ब्लॉकचा ढीग, वाड्याचा मोजून काढलेला नकाशा, काहीही चालेल. पण जाहिरातीत नुसती ‘शाश्वत वास्तुरचनेची ओळख’ असेल आणि वेळापत्रकात व्याख्यानांची रांग, तर फीचे पैसे वाचवा आणि चांगला ओळंबा घ्या. दुसरी चौकशी गवंड्याची. शिकवायला मुरलेला मिस्त्री असेल तर सात दिवसांत थापी हातात बसते. एका शिकवणाऱ्यामागे पंधराच्या वर मुलं असतील, तर निम्मी फोटो काढत बसतात.

मातीच्या कामासाठी ऑरोविल अर्थ इन्स्टिट्यूट, विटांच्या काटकसरीच्या बांधकामासाठी तिरुअनंतपुरमजवळचं लॉरी बेकर सेंटर, कच्छच्या भूकंपानंतर भुजमध्ये उभी राहिलेली हुन्नरशाळा आणि अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचं समर-विंटर स्कूल ही नावं आधी पाहा. तारखा आणि फी दर वर्षी बदलतात. त्या थेट संस्थेकडूनच घ्या.

मातीचे दाबलेले ब्लॉक

इथे खरं शिक्षण मशीनचा दांडा ओढण्यात नाही, माती ओळखण्यात आहे. वरचा मुळं-पालापाचोळ्याचा थर काढून टाका आणि खालची माती घ्या. देशावरची काळी माती या कामाला नकोच: पाणी पिऊन फुगते, वाळताना भेगाळते आणि थोड्याशा सिमेंटला दाद देत नाही. तांबडी, वाळूचा अंश असलेली माती बरी.

पारदर्शक बाटली एक तृतीयांश मातीने भरा, उरलेल्या भागात पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, तिच्यावर अर्ध्या तासात गाळ, आणि चिकणमाती बसायला दिवस लागतो. म्हणून ही बाटली पहिल्याच संध्याकाळी भरा. दुसऱ्या दिवशी पट्टीने थर मोजा. वाळू आणि खडा मिळून साधारण दोन तृतीयांश, उरलेल्यात गाळ आणि चिकणमाती, असं प्रमाण सिमेंट मिसळलेल्या मातीच्या ब्लॉकला मानवतं. चिकणमाती जास्त निघाली तर वाळू मिसळा.

१०० किलो कोरड्या मातीला ५ किलो सिमेंट. आधी कोरडंच कालवा, ढिगात कुठे राखाडी पट्टा दिसेनासा होईपर्यंत. मग पाणी शिंपडा, ओतू नका. मुठीत गोळा वळून कमरेच्या उंचीवरून कडक जमिनीवर टाका. चार-पाच तुकडे झाले तर ओल बरोबर, पीठ झालं तर कमी, चपटा होऊन तसाच पडला तर जास्त. पाणी पडल्यावर घाणा (एका वेळी कालवलेला माल) अर्ध्या तासात संपवा. एकदम मोठा घाणा करून मग चहाला जाणं हा ठरलेला घोटाळा. परत येईपर्यंत सिमेंट धरायला लागलेलं असतं आणि ते ब्लॉक पुढे हाताने खरवडले जातात.

साच्यात माती भरताना चारही कोपरे बोटांनी दाबा. कोपरे ढासळलेला ब्लॉक दिसला की कारण जवळजवळ नेहमी हेच असतं. पहिले दोन दिवस प्लास्टिकखाली, नंतर सावलीत रोज पाणी, एकूण २८ दिवस. म्हणजे शेवटच्या दिवशी तुम्ही जे हातात घेता तो कच्चा ब्लॉक असतो. त्यावर तारीख कोरा आणि २८ दिवसांनंतरच्या दाब-चाचणीचा निकाल संस्थेकडून मागून घ्या. बहुतेक जण मागत नाहीत.

वाडा मोजताना

पुणे, वाई, नाशिककडे वाड्यांच्या मोजणीच्या कार्यशाळा होतात. ३० मीटरची फायबर टेप, ५ मीटरची स्टील टेप, ओळंबा, १० मीटर पारदर्शक नळी, टॉर्च आणि दोन रंगांची पेनं न्या. गट तिघांचा: एक शून्य धरतो, एक माप वाचतो, एक लिहितो. लिहिणाऱ्याने आकडा मोठ्याने परत म्हणायचा.

मापं सलग घ्या. टेपचं शून्य कोपऱ्यातच ठेवून दाराची कड, कोनाडा, खांब असे पुढे वाचत जा. तुकड्या-तुकड्याने मोजलं की प्रत्येक तुकड्याची चूक पुढच्यात जमा होते. आणि प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्या, कारण वाड्याच्या खोल्या काटकोनात नसतात. समजा माजघर ३.२० बाय ४.१० मीटर आहे. काटकोनात असतं तर दोन्ही कर्ण ५.२० आले असते. प्रत्यक्षात एक ५.१४ आणि दुसरा ५.२६ निघाला, म्हणजे खोली तिरकी आहे. कर्ण न घेता सरळ चौकट काढलीत तर शेजारच्या सोप्याची भिंत जुळणार नाही, आणि हे कळेल घरी, रात्री दोन वाजता.

उंचीसाठी नळीत पाणी भरा आणि एका खांबावर जमिनीपासून १ मीटरची खूण करून तीच पातळी सगळीकडे न्या. नळीत बुडबुडा राहिला किंवा कुणी टोकाला अंगठा धरला तर पातळी खोटी येते. चौकाचा उतार, उंबऱ्याची उंची, जोतं हे सगळं त्या रेषेपासून वर-खाली मोजा. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीशी मिळते, पण वरच्या मजल्यावर ती वेगळी असू शकते, तिथे पुन्हा घ्या. खांबांमधले खण मोजून नकाशावर आकडे टाका; वाड्याचं माप खणात विचारलं जायचं, ते ड्रॉइंगवर दिसायला हवं. फोटो मापानंतर काढा. आधी काढले की मोजायचा कंटाळा येतो.

इंटर्नशिप

ऑफिसातल्या आर्किटेक्टची कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी आहे ना, हे आधी पाहा. आपल्या कॉलेजचा नियमही वाचा; काही ठिकाणी आधी मंजुरी लागते. अर्ज तीन-चार महिने आधी करा. पोर्टफोलिओ १५ ते २० पानांचा पुरे, आणि त्यात वाड्याचं ते मोजणीचं ड्रॉइंग टाकाच. रेंडर (संगणकावर काढलेली इमारतीची चित्रं) सगळ्यांकडे असतात, जुळणारे कर्ण फार थोड्यांकडे.

मुलाखतीत तीन गोष्टी विचारा: आठवड्यातून किती दिवस साइट, स्टायपेंड किती, ड्रॉइंग कोण तपासणार. माझ्या मते पाच ते दहा जणांचं ऑफिस बरं. पायऱ्यांच्या डिटेलपासून महापालिकेच्या फायलीपर्यंत सगळं समोरून जातं. मोठ्या ऑफिसात सहा महिने टॉयलेटच्या टाइल्सचे लेआउट करत बसण्याची भीती असते.

साइटवर स्लॅब ओतण्याच्या आदल्या दिवशी हजर राहा, ओतताना नाही. सेंटरिंगचे टेकू हलतात का, सळ्यांचा व्यास आणि अंतर ड्रॉइंगप्रमाणे आहे का, कव्हर ब्लॉक (सळई साच्याला टेकू नये म्हणून मध्ये ठेवायचे ठोकळे) लागलेत का: स्लॅबला २० मिमी, बीमला २५, कॉलमला ४०, पायाच्या फुटिंगला ५०. पुष्कळदा खालची जाळी सरळ प्लायवर टेकलेली सापडते. पुढे त्याच जागी गंज धरतो आणि स्लॅबच्या पोटाचा पापुद्रा सुटतो. हे दिसलं तर मिस्त्रीवर ओरडू नका. साइट इंजिनिअरला फोटो दाखवा आणि डायरीत तारीख, मजला, जागा लिहा.

प्रमाणपत्र शेवटच्या आठवड्यात नाही, त्याच्या आधीच्या आठवड्यात मागा. त्याच वेळी कुठली ड्रॉइंग्ज पोर्टफोलिओत घेता येतील तेही विचारून घ्या, आणि घ्याल त्यावरून मालकाचं नाव व पत्ता खोडा.